बाबांच्या खुर्चीतून

गेल्या मे महिन्यात, रात्री पावणेदोनच्या सुमारास, मी डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये दोन्ही कानांत मायक्रोफोन घालून पुतळ्यासारखी बसले होते. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. शेवटची लोकल गेलेली. मानेवरून घाम पाठीत उतरत होता आणि तो पुसायला हात हलवायची सोय नव्हती. समोर बाबांचे दोन स्पीकर. त्यांतल्या डाव्यातून एक आवाज निघाला. आधी ऐकू येईल न येईल इतका खोल, मग पाण्याच्या पंपासारखा, मग शिट्टीसारखा, मग डासासारखा, मग काहीच नाही. जेमतेम सहा सेकंद. खाली कुत्री भुंकायला लागली.

"झालं का गं?" आतून आईने विचारलं.

आवाजाची शेपटी अजून भिंतींवर होती, तिच्यावर आईचा प्रश्न रेकॉर्ड झाला. पुन्हा पहिल्यापासून.

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात घर रिकामं करून द्यायचं होतं. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. भांडी, कपाटं, पुस्तकं, देव हे सगळं भाड्याच्या घरात जाणार होतं. स्पीकरही जाणार होते, पण त्यांचा आवाज जाणार नव्हता. कारण स्पीकरचा म्हणून आपण जो आवाज ऐकतो, त्यातला बराचसा खोलीचा असतो. तो भिंतीवरून, फरशीवरून, शोकेसच्या काचेवरून परतून येतो. खोली पाडली की तो गेला. मला तो न्यायचा होता.

हे स्पीकर बाबांनी स्वतः जुळवलेले. शनिवारी बँकेला अर्धा दिवस असायचा, तेव्हा ते लॅमिंग्टन रोडवर जायचे आणि एकेक गोष्ट घेऊन यायचे. एका महिन्यात आठ इंची वूफरची जोडी, पुढच्या महिन्यात ट्वीटर, मग तांब्याच्या तारेची वेटोळी. खोकी आमच्या गल्लीतल्या सुताराने प्लायवूडची करून दिली. समोर लावलेलं तपकिरी कापड आईच्या साडीचं आहे. डावा स्पीकर शोकेसवर, भिंतीच्या कोपऱ्यात. उजव्याला जागाच नव्हती, म्हणून तो गॅलरीच्या दाराशी स्टुलावर. त्यामुळे डावा जाड वाजायचा आणि उजव्याचा अर्धा आवाज गॅलरीतून रस्त्यावर जायचा. बाबा अँपवरचं बॅलन्सचं बटण घड्याळात एक वाजल्यासारखं ठेवायचे आणि वेताच्या खुर्चीत बसायचे. ती खुर्ची कुठे ठेवायची याची फरशीवर खूण होती. ती जरा सरकली तरी त्यांना कळायचं.

मी मात्र हेडफोनच्या पिढीतली. कॉलेजला ट्रेनमध्ये, ऑफिसला ट्रेनमध्ये, रात्री अंथरुणात. बाबांना हेडफोन अजिबात आवडायचे नाहीत. "गाणं डोक्याच्या आत कसलं ऐकतेस," म्हणायचे, "गाणारा समोर बसलेला असतो." मला तो जुन्या लोकांचा हट्ट वाटायचा. नंतर वाचायला लागले, तेव्हा कळलं की ते अगदी तांत्रिकदृष्ट्या बरोबर बोलत होते.

डाव्या स्पीकरचा आवाज फक्त डाव्या कानाला जात नाही. तो उजव्या कानालाही जातो, पण जरा उशिरा आणि डोक्याला वळसा घालून आल्यामुळे जरा फिका होऊन. हा उशीर किती, तर आवाज अगदी बाजूने आला तरी एका मिलिसेकंदापेक्षाही कमी. आपला मेंदू एवढ्याशा फरकावरून दिशा ठरवतो. हेडफोनमध्ये ही गळती नसतेच. डावं डाव्यात, उजवं उजव्यात. आणि जे दोन्हीकडे सारखं असतं, ते मधोमध, म्हणजे कवटीच्या आत जाऊन बसतं. जुनी गाणी तर बहुतेक मोनो. दोन्ही कानांत तंतोतंत एकच. माणिक वर्मा स्पीकरवर समोर शोकेसपाशी गातात, हेडफोनवर त्या माझ्या भुवयांच्या मागे गातात. एकदा हे लक्षात आलं की मग ते विसरता येत नाही. (तुम्हालाही आता लक्षात येईल. माफ करा.)

दोन कानांना दोन वेगळे आवाज देऊन जागेचा भास करायची युक्ती काही आजची नाही. 1881 साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या माणसाने ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने मायक्रोफोन लावले आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीत नेल्या. लोक तिथे टेलिफोनचे दोन रिसीव्हर दोन कानांना लावून उभे राहायचे आणि गायक डावीकडून उजवीकडे चालल्याचं त्यांना कळायचं. पण डावं-उजवं कळणं वेगळं आणि समोर कळणं वेगळं. समोर, मागे आणि वर, तिन्हीकडून मधोमध आलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. मग मेंदू ओळखतो कशावरून?

कानाच्या पाळीवरून. पाळी म्हणजे डूल घालतो तेवढीच नाही, बाहेरचा सगळा कान. त्या वळ्या, खाचा, तो मधला खळगा. आवाज त्यांत शिरताना स्वतःवरच आपटतो, आणि वरच्या पट्टीतले काही स्वर खाल्ले जातात, काही फुगतात. कुठले खाल्ले जातील ते आवाज कुठून आला यावर अवलंबून असतं आणि कानाच्या आकारावरही. तुमचा कान जसा खातो तसा माझा खात नाही. लहानपणापासून मेंदू आपल्याच कानाची ही सवय पाठ करत जातो. 1998 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी चार जणांच्या कानांत साचे बसवून वळ्यांचा आकार बदलला. त्या लोकांना आवाज वरून येतोय की खालून, हेच कळेना. काही आठवड्यांनी कळायला लागलं. मग साचे काढले, तर जुने कानही लगेच जसेच्या तसे चालू. म्हणजे मेंदूने नवीन भाषा शिकली आणि जुनी विसरली नाही. मला हा प्रयोग फार आवडतो.

म्हणूनच 'स्पेशियल ऑडिओ' लिहिलेलं सगळं सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. अशी बरीच यंत्रणा पुतळ्याच्या कानांवर मोजून तयार होते. 1972 साली अमेरिकेत केमार नावाचा एक पुतळा बनला. सरासरी माणसाच्या मापाचं धड आणि डोकं, त्याला रबरी कान. 1994 मध्ये एमआयटीने त्याच्या कानांत मायक्रोफोन ठेवून सगळीकडून आवाज सोडले, मोजले आणि ते आकडे सगळ्यांना खुले केले. पुढच्या कितीतरी लोकांनी ते वापरले. ज्याचे कान केमारसारखे, त्याला समोरचं समोर. बाकीच्यांना समोरचं कधी कपाळावर, कधी डोक्यात, कधी मागे. अलीकडे कंपन्या ज्याच्या त्याच्या कानापर्यंत यायला लागल्या आहेत. सोनीचं ॲप कानांचे फोटो मागतं. ॲपलने 2022 पासून आयफोनच्या कॅमेऱ्याने कान आणि डोकं स्कॅन करायची सोय दिली. मी मैत्रिणीच्या फोनवर ते करून पाहिलं. चांगलं होतं. सिनेमा खरोखर समोर सरकला. पण तो कुठल्या तरी छान, गुळगुळीत, अनोळखी हॉलमध्ये सरकला. मला छान हॉल नको होता. मला आमचा हवा होता. गॅलरीचं दार नीट न लागणारा.

त्याचाही मार्ग आहे, आणि तो अगदी सरळ आहे. हव्या त्या खोलीत, हव्या त्या जागी बसायचं. आपल्याच कानांच्या तोंडाशी मायक्रोफोन ठेवायचे. प्रत्येक स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत सगळे स्वर ओढत नेणारा आवाज वाजवायचा. त्याला स्वीप म्हणतात. मायक्रोफोनपाशी जे पोचलं त्यात तो स्पीकर, ती खोली, आपलं डोकं, खांदे, कान असं सगळं मिसळलेलं असतं. गणिताने त्यातून स्वीप वजा केला की उरतो तो त्या खोलीचा आणि आपला मिळून झालेला ठसा. जणू स्पीकरच्या जागी कोणी एकच टिचकी वाजवली आणि ती आपल्या कानांना अशी ऐकू आली. (मग टिचकीच का वाजवत नाही? कारण क्षणभराच्या टिचकीत जीव नसतो, ती रस्त्यावरच्या रिक्षेखाली बुडून जाते. स्वीप तीच ताकद सहा सेकंदांत पसरतो.) मग कुठल्याही गाण्याच्या कणाकणाला हा ठसा लावायचा. शेवटी कानांत मायक्रोफोन तसेच ठेवून वर हेडफोन घालायचे आणि हेडफोन स्वतः काय रंग चढवतात तेही मोजून काढून टाकायचं. स्मिथ रिअलायझर नावाचं महागडं यंत्र हे काम कितीतरी वर्षं करतंय. माझ्यासारख्यांसाठी इम्पल्सिफर नावाचा फुकट, मुक्त प्रोग्राम आहे.

मायक्रोफोनच्या कॅप्सूल मी लॅमिंग्टन रोडवरूनच आणल्या. वाटाण्याहून लहान. दुकानदाराने किलोवर विकाव्यात तशा खोक्यातून काढून दिल्या. फोमच्या इअरप्लगला चिकटवून त्या कानाच्या भोकाशी बसवल्या. तारा गालावरून खाली. रेकॉर्डर एका साउंडवाल्या मित्राचा.

चार रात्री गेल्या. पहिल्या रात्री मी गिळलेला आवंटा रेकॉर्ड झाला. दुसऱ्या रात्री पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सकाळी विचारलं, "रात्री तुमच्याकडे शंख कोण फुंकतं?" तिसऱ्या रात्री सगळं नीट झालं आणि मी लॅपटॉपवर हिशेब लावून, हेडफोन घालून, त्याच खुर्चीत बसले. गाणं लावलं. ते स्पीकरमधून येत होतं. मी चिडले, कारण रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी अँप बंद करायला विसरले होते. उठून बटणाकडे गेले. बटण बंदच होतं. हेडफोन काढले तर हॉलमध्ये शांतता. घातले तर शोकेसवर माणिक वर्मा.

मी तीन-चारदा काढले, घातले. मग रडू आलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

प्रोग्रामने दाखवलं की डावीकडचा आवाज उजव्यापेक्षा बराच मोठा आहे, दुरुस्त करू का? दुरुस्त करायची सोय त्यात असते. मी केलं नाही. या छंदातली माणसं ज्याला खोलीचे दोष म्हणतात, ते झाडूनपुसून काढतात. डाव्या कोपऱ्यातली घुमघुम काढली असती तर आवाज सुधारला असता आणि घर गेलं असतं.

चौथ्या रात्री मी हौसेने आणखी मापं घेतली. खुर्ची जरा डावीकडे, जरा उजवीकडे, जरा मागे. झोपायला जाताना आईला म्हटलं, "उद्या तुझे कान घेऊ." ती कपाटातली वर्तमानपत्रं काढत होती. "मला कशाला? तुझं झालंय ना, बास." मी लगेच बरं म्हटलं. इतकं लगेच म्हटलं, की ते मला आता आठवतं. पाचव्या दिवशी शोकेस विकायला माणूस आला. शोकेस गेलं, पडदे गेले, आणि हॉल रिकाम्या डब्यासारखा वाजायला लागला.

भाड्याचं घर दोन खोल्यांचं आहे. तिथे पहिल्या दिवशी ऐकलं, तर भ्रम जरा सैल पडला होता. हे होतं. डोळ्यांना वेगळी भिंत दिसते, कानांना वेगळी ऐकू येते, मेंदू कुरकुरतो. डोळे मिटले की जमतं. मान हलवली तर मात्र सगळा हॉल माझ्याबरोबर वळतो, शोकेससकट. खऱ्या खोलीत आपण मान वळवतो, तेव्हा आवाज जागच्या जागी राहतो आणि त्यावरून समोर-मागे नक्की होतं. हान्स वालाख नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे 1940 सालीच दाखवून दिलं होतं. महागड्या हेडफोनांत आता डोक्याची हालचाल टिपणारे सेन्सर असतात. माझ्या जुगाडात नाहीत. म्हणून मी मान न हलवता ऐकते. बाबाही तसेच बसायचे.

ऑगस्टमध्ये एका रविवारी धो धो पाऊस होता. आई भाजी निवडत होती. मी तिच्या डोक्यावर हेडफोन ठेवले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. मला वाटलं होतं की आता तिचा चेहरा बदलेल. मी, खरं सांगायचं तर, फोनचा कॅमेरा चालू करून ठेवला होता.

तिने थोडा वेळ ऐकलं. मग हातातल्या गवारीची शीर ओढत म्हणाली, "मागून येतंय गं."

मला ठाऊक असायला हवं होतं. कान माझे होते, तिचे नव्हते. मेंदूने ओळखीच्या खाचा शोधल्या, सापडल्या नाहीत, म्हणून समोरचं उचलून मागे टाकलं. हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी तिला ते समजावून सांगायला लागले. पाळी, वळ्या, केमार. ती ऐकून घेत होती. मध्येच म्हणाली, "अगं पण मागूनच यायचं की."

"काय?"

"गाणं. मी ओट्याशी असायचे ना. हॉलकडे पाठ."

आमचा ओटा खिडकीखाली होता. त्याच्यापुढे उभं राहिलं की पाठीमागे स्वयंपाकघराचं दार, दारापुढे बोळकंडी, बोळकंडीला वळण आणि मग हॉल. मी त्या घरात अठ्ठावीस वर्षं राहिले. गाणी चालू असताना बाबा खुर्चीत असायचे, मी खाली सतरंजीवर असायचे. आई त्या खोलीत कुठे बसायची, हे मी आठवून पाहिलं. चहा घेऊन आलेली आठवते. कप उचलायला आलेली आठवते.

"शब्द नाही कळायचे," ती म्हणाली. "नुसतं घूं घूं यायचं, आणि मध्येच तबला. हे ऑफिसला गेले की दुपारी तीच गाणी रेडिओवर लागायची, तेव्हा शब्द कळायचे. मग म्हणायचे, अच्छा, हे होय ते."

तेही अगदी बरोबर. जाड स्वर कोपऱ्याला वळसा घालून पुढे जातात, बारीक स्वर सरळ जातात आणि भिंतीशीच थांबतात. शब्दांची धार असते ती बारीक स्वरांत. आठ इंची वूफरचं घूं घूं बोळकंडीतून वळून ओट्यापर्यंत यायचं आणि शब्द हॉलमध्ये आमच्यापाशी राहायचे. चार रात्रींत मी त्या हॉलची सात मापं घेतली. बाबांच्या खुर्चीतून, आणि तिच्या आजूबाजूला वीतभर. ओट्यापाशी एकही नाही. तिथे उभं राहून ऐकावं हे सुचलंही नाही. जुलैत बिल्डिंग पाडली.

"तुला आवडायची का ती गाणी?" मी विचारलं.

"काही काही." तिने हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवले. "फार मोठ्याने लावायचे. पण आपणच आवाज कमी करा म्हटलं की बघायचे असे, जसं काही मी देवाची घंटा काढून घेतली."

त्या आठवड्यात मी तिच्यासाठी स्वयंपाकघर बनवायचा प्रयत्न केला. वरचे स्वर कापले, आवाज मागे ढकलला, बोळकंडीची म्हणून थोडी घुमघुम घातली. तिला ऐकवलं. तिने मनापासून ऐकलं, आणि सांगितलं की हे गाणं कोणीतरी गोधडीत गुंडाळल्यासारखं आहे. मी ती फाइल काढून टाकली. अंदाजाने बनवलेलं स्वयंपाकघर तिने चाळीस वर्षं वापरलेल्या स्वयंपाकघरापुढे टिकणार नव्हतं.

मग परवा मी स्पीकर माळ्यावरून काढले. भाड्याच्या घरातला ओटाही भिंतीकडे तोंड करून आहे, आणि इथे बोळकंडी नाही, दार मात्र आहे. दोन्ही स्पीकर बाहेरच्या खोलीत मांडले. आईच्या कानांत कॅप्सूल बसवल्या. तिच्या कानाची भोकं माझ्याहून लहान आहेत, फोम कापून लहान करावा लागला. तारा तिने स्वतःच मंगळसूत्रासारख्या मागे टाकल्या आणि ओट्याकडे वळून उभी राहिली. गॅस बंद केला.

"हलायचं नाही," मी बाहेरून सांगितलं. "गिळायचं नाही. बोलायचं नाही."

"श्वास?"

"हळू."

स्वीप चालू झाला. पंपासारखा, शिट्टीसारखा, डासासारखा. मी लॅपटॉपवर रेघ वर चढताना बघत होते. शेवटची शेपटी भिंतींवर विरायला आली, तेवढ्यात आतून आवाज आला, "कुकर लावायचा राहिलाय."

"आई!"

"बरं, पुन्हा लाव."